४२९४९६७२९५ या आकड्यात एवढं काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा होता: ४२९४९६७२९५ हा आकडा एरर मेसेजमध्ये, लॉगमध्ये, कुठल्यातरी सेटिंगच्या कमाल मर्यादेत सारखा दिसतो, त्याची माहिती शोधली की गुणधर्मांची एक यादी मिळते (विषम आहे, मूळ संख्या नाही, ३२ विभाजक आहेत, अंकांची बेरीज ५७ वगैरे) पण त्या यादीतून डोक्यात काहीच शिरत नाही. मग ही संख्या गणितात खरंच खास आहे, की फक्त कॉम्प्युटरमुळे प्रसिद्ध झाली?

खरंच खास आहे. मी बरीच वर्षं लो-लेव्हल कोड लिहिण्यात घालवली, नंबर थिअरीचा नाद त्याच्याही आधीपासून, आणि माझ्या मते या यादीतले बहुतेक गुणधर्म वेगवेगळे नाहीतच, सगळे एकाच गोष्टीतून निघतात. ती गोष्ट म्हणजे या संख्येत १ मिळवला की बरोबर २ चा ३२ वा घात येतो, आणि ३२ हा स्वतः २ चा ५ वा घात आहे. यातला दुसरा भाग लोक विसरतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी वाचून घेऊ: ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. आता अवयव पाडा. २^३२ − १ हे दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावून (२^१६ − १)(२^१६ + १) होतं, त्यातला पहिला कंस परत तसाच फुटतो, त्यातला पहिला परत, असं करत करत शेवटी उरतं १ × ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. कुठलाही कॅल्क्युलेटर न वापरता दहा आकडी संख्येचे अवयव पडले, हे फक्त घातांक ३२ असल्यामुळे जमलं, ३१ असता तर हे सूत्र पहिल्याच पायरीला अडलं असतं. आणि हे पाचही अवयव मूळ संख्या आहेत. ते काही आपोआप होत नाही, तो नशिबाचा भाग आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

पाच वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून विभाजक २×२×२×२×२ = ३२. विभाजकांची बेरीज ४×६×१८×२५८×६५५३८ = ७३०४६०३३२८, त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ३००९६३६०३३, म्हणजे संख्येपेक्षा कमीच. इथे फार काही नाही, पुढे जाऊ.

बायनरीमध्ये (फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर) ही संख्या म्हणजे ओळीने ३२ वेळा १. आता तिला त्या पाच मूळ संख्यांनी भागून बघा. ३ ने भागलं की १४३१६५५७६५ येतात, बायनरीत ते ०१०१०१०१ असं एकाआड एक. ५ ने भागलं की ८५८९९३४५९, म्हणजे ००११००११. १७ ने भागलं की २५२६४५१३५, चार शून्यं चार एक, चार शून्यं चार एक. २५७ ने भागलं की १६७११९३५, आठ-आठचे गट. आणि ६५५३७ ने भागलं की ६५५३५, सोळा शून्यं आणि सोळा एक. ज्यांनी एखाद्या संख्येतले १ चे बिट (बायनरीतले अंक) मोजायचा तो जुना शॉर्टकट कधी वाचलाय त्यांना हे मास्क, म्हणजे ठराविक बिट वेगळे काढायचे साचे, लगेच ओळखू येतील, बहुतेक लोक ते कॉपी-पेस्ट करतात आणि कुठून आले हे विचारत नाहीत, तर ते इथून आले, या एका संख्येला तिच्याच मूळ अवयवांनी भागून.

यापेक्षा भारी गोष्ट पास्कलच्या त्रिकोणात आहे. पास्कलचा त्रिकोण काढा (कडेला १, आतला प्रत्येक आकडा म्हणजे त्याच्या वरच्या दोन आकड्यांची बेरीज), प्रत्येक सम आकड्याच्या जागी ० आणि विषमच्या जागी १ लिहा. ओळी अशा येतात: १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११, १०१०१०१, ११११११११… आता प्रत्येक ओळ बायनरी संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. पुढच्या ओळी २५७, ७७१, १२८५, ३८५५ अशा जातात. पहिल्या ३२ ओळींतून जे ३२ आकडे मिळतात ते म्हणजे बरोबर ४२९४९६७२९५ चे ३२ विभाजक, एकही जास्त नाही, एकही कमी नाही, आणि चढत्या क्रमाने. बत्तीसावी ओळ सगळीच १ ची, म्हणजे ही संख्या स्वतः. का होतं असं? सम-विषमपुरतंच बघितलं तर (१ + क) चा वर्ग म्हणजे १ + क², मधलं २क सम असल्याने उडून जातं, चौथा घात १ + क⁴, आणि असंच पुढे. म्हणून प्रत्येक ओळ ही ३, ५, १७, २५७, ६५५३७ यातल्या काहींचा गुणाकार असते, कोणते घ्यायचे ते ओळीच्या नंबरचे बायनरी अंक ठरवतात (ओळी शून्यापासून मोजायच्या), आणि गुणाकारात कुठे हातचा येत नाही म्हणून ओळ जशीच्या तशी टिकते. कागदावर आठ-दहा ओळी काढून बघाच, वाचून तेवढी मजा येत नाही.

आता भूमिती. २^(२^क) + १ अशा संख्यांना फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून फर्मा संख्या म्हणतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग ४२९४९६७२९७. कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढ्यावर सुसम त्रिकोण, चौकोन, पंचकोन काढता येतो हे ग्रीकांना माहीत होतं, पण विषम बाजूंमध्ये ३, ५ आणि १५ च्या पुढे कोणाचीच गाडी जाईना, दोन हजार वर्षं. मग १७९६ मध्ये १८ वर्षांच्या गाउसने दाखवलं की सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते, आणि पुढे १८०१ मध्ये सर्वसाधारण नियमच मांडला: बाजूंची संख्या २ चा घात गुणिले वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्या (ज्या फर्मा संख्या मूळही आहेत त्या) अशी असेल तर ती आकृती काढता येते. याशिवाय दुसरी कुठलीही काढता येत नाही, हे वान्ट्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलं. आता माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या फक्त पाच, आणि त्या पाचांचा गुणाकार म्हणजे आपली संख्या. म्हणून विषम बाजूंच्या ज्या आकृत्या काढता येतात हे आज माहीत आहे त्या ३१ आहेत (३२ विभाजकांतून १ वगळून), आणि त्यातली सगळ्यात मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची. काढणार कोण हा भाग वेगळा. ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने दहाएक वर्षं घालवली, १८९४ च्या सुमारास काम संपवलं, ते हस्तलिखित ग्योटिंगेनच्या विद्यापीठात ठेवलंय. त्या माणसाच्या चिकाटीला नमस्कार, पण मला विचाराल तर नियम सिद्ध झाल्यावर प्रत्यक्ष रचना लिहीत बसणं म्हणजे हौसच.

यानंतरचा गुणधर्म माझा आवडता. १ पासून या संख्येपर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा हिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? ऑयलरचं फाय फंक्शन म्हणतात ते हेच. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करायचा: २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. सगळे २ चे घात! घातांकांची बेरीज १+२+४+८+१६ = ३१, म्हणून उत्तर २^३१ = २१४७४८३६४८. आणि लगेच पुढची संख्या २^३२ हिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) किती? सगळ्या विषम संख्या, म्हणजे त्याही २१४७४८३६४८. शेजारी-शेजारी दोन संख्या, एक पाच मूळ अवयवांची आणि एक निव्वळ २ चा घात, आणि दोघींचं फाय अगदी सारखं. लहान आकड्यांत बघायचं तर १५ आणि १६ (दोन्हीकडे ८), २५५ आणि २५६ (दोन्हीकडे १२८). दुसऱ्या शब्दांत फायची दुप्पट केली की संख्या अधिक १ येतं. असं वागणाऱ्या संख्या फार थोड्या माहीत आहेत. ३, १५, २५५, ६५५३५ हे तर याच घरातले, पण मध्येच ८३६२३९३५ हीसुद्धा आहे, जिचे अवयव ३ × ५ × १७ × ३५३ × ९२९, आणि ३५३ न् ९२९ यांचा फर्माशी काहीएक संबंध नाही. २ × ४ × १६ × ३५२ × ९२८ करून, दुप्पट करून बघा, ८३६२३९३६ येतं. म्हणजे हा गुणधर्म फर्मा संख्यांची मक्तेदारी आहे असं समजू नका.

वर्गांच्या बाबतीत मात्र ही संख्या एकदम हट्टी. ८ ने भागली की बाकी ७. कुठल्याही वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ च येते, आणि असे तीन आकडे घेऊन ७ कधीच होत नाही, म्हणून ही संख्या दोन काय, तीन वर्गांच्या बेरजेतही बसत नाही. चार लागतातच, आणि चार पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये कुठल्याही संख्येसाठी सिद्ध करून ठेवलंय. एक जोडणी मी हाताने काढली: ६५५३५² + ३६२² + ५² + १². आधी सगळ्यात मोठा वर्ग काढून घ्यायचा, उरतात १३१०७०, त्यातून परत मोठा वर्ग, उरतात २६, आणि २६ म्हणजे २५ + १. इतकं सरळ नेहमी निघत नाही, इथे निघालं. वजाबाकी करायची असेल तर उलट चंगळ आहे, दोन वर्गांच्या वजाबाकीने ही संख्या १६ प्रकारे मिळते, सगळ्यात छोटा प्रकार ६५५३६² − १², आणि सगळ्यात मोठा २१४७४८३६४८² − २१४७४८३६४७². तो शेवटचा २१४७४८३६४७ लक्षात ठेवा, खाली परत येतोय.

त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ + २ + ३ + … अशा बेरजेत येते का? यासाठी ८ पट करून १ मिळवला की पूर्ण वर्ग यायला हवा. आपल्या संख्येला ते केलं की २^३५ − ७ मिळतं. आता हे थेट रामानुजनच्या दारात जातं. त्यांनी १९१३ मध्ये प्रश्न टाकला होता की २ च्या कोणत्या घातातून ७ वजा केले की पूर्ण वर्ग येतो, आणि अंदाज असा की फक्त ३, ४, ५, ७ आणि १५ या घातांकांनाच. नागेल या नॉर्वेच्या गणितज्ञाने १९४८ मध्ये ते सिद्ध केलं. ३५ त्या यादीत नाही, म्हणून आपली संख्या त्रिकोणी नाही, आकडेमोड करायचीच गरज नाही. १५ वाला प्रकार हवा असेल तर २^१२ − १ = ४०९५, जी १ ते ९० ची बेरीज आहे, आणि तिच्यापुढे २^न − १ या साच्यातली एकही संख्या त्रिकोणी नाही, कितीही लांब जा.

१ भागिले ४२९४९६७२९५ केलं तर दशांशात काय होतं? ५ हा अवयव असल्याने दशांशचिन्हानंतर पहिला एक अंक आवर्तनाच्या बाहेर राहतो, आणि मग ६५५३६ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. ६५५३६ कुठून आलं? १०, १०², १०³ असं करत जाऊन ६५५३७ ने भागल्यावर बाकी पहिल्यांदा १ केव्हा येते ते बघायचं असतं. ६५५३७ ला ५ ने भागलं की बाकी २, त्यामुळे कुठल्याही वर्गाला ६५५३७ ने भागलं तरी बाकी १० कधीच येत नाही, आणि फर्मा मूळ संख्यांच्या बाबतीत एवढं पुरतं, आवर्तन शक्य तितकं लांबच निघतं. १७ ला १६ आणि २५७ ला २५६, तेही तसेच, आणि दोन्ही ६५५३६ मध्ये निःशेष बसतात. बायनरीत मात्र हाच भागाकार फक्त ३२ अंकी आवर्तनाचा आहे, ३१ शून्यं आणि एक १.

अंकांची बेरीज ५७, उलटं लिहिलं तर ५९२७६९४९२४, असल्या गोष्टी मी गुणधर्म म्हणून मोजत नाही. ते आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून दिसतं. ५७ चा उपयोग एवढाच की ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही हे चटकन कळतं.

शेजारीपाजारीही बघण्यासारखे आहेत. एक कमी केला तर ४२९४९६७२९४ = २ × २१४७४८३६४७, आणि २१४७४८३६४७ म्हणजे २^३१ − १ ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं होतं, अर्थात हातानेच. चार कमी केले तर ४२९४९६७२९१, ही ३२ बिटांत बसणारी सगळ्यात मोठी मूळ संख्या, हॅशिंगच्या कोडमध्ये हमखास भेटते, त्यानंतरची मूळ संख्या थेट ४२९४९६७३११. आणि २^३२ च्या खाली एकूण मूळ संख्या २०३२८०२२१.

कॉम्प्युटरवाला भाग बहुतेकांना माहीत असतो म्हणून पटकन. चिन्ह नसलेल्या ३२ बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या, त्यात १ मिळवला की परत ०. म्हणूनच चिन्ह धरून वाचलं की हेच ३२ बिट −१ होतात, आणि लॉगमध्ये ४२९४९६७२९५ दिसलं तर दहातले नऊ वेळा कोणीतरी −१ परत दिलाय, म्हणजे "सापडलं नाही" किंवा "मर्यादा नाही", आणि छापणाऱ्याने ते चिन्ह न धरता छापलंय. मोठी संख्या आली म्हणून घाबरून मेमरी वाढवू नका, आधी ते बघा. आयपी ॲड्रेसमध्ये २५५.२५५.२५५.२५५ ही हीच संख्या, फॅट३२ मध्ये (डिस्कवर फाइली ठेवायची एक जुनी पद्धत) एका फाइलची कमाल साइज इतक्याच बाइट, आणि १९७० पासून सेकंद मोजणारं घड्याळ चिन्ह न धरता ३२ बिटांत ठेवलं तर ७ फेब्रुवारी २१०६ ला, यूटीसी ०६:२८:१५ वाजता इथे पोचतं (चिन्ह धरून ठेवलं तर १९ जानेवारी २०३८ लाच संपतं). अजून एक, यात लोक खरोखर फसतात: ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (अपूर्णांकी संख्या ठेवायचा प्रकार) ही संख्या ठेवली तर ती ४२९४९६७२९६ होऊन बसते, कारण तिथे अचूकतेसाठी २४ बिटच असतात, तिच्या खालची मावणारी संख्या एकदम ४२९४९६७०४०. ६४ बिटांच्या डबलमध्ये व्यवस्थित राहते.

आता तो नशिबाचा भाग. ३, ५, १७, २५७, ६५५३७ मूळ निघाल्यावर फर्माला वाटलं की या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असणार. पुढची संख्या आपल्या संख्येपेक्षा फक्त २ ने मोठी, ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो, ६४१ × ६७००४१७. याची सिद्धता दोन ओळींची आहे. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ च्या हिशोबात (६४१ ने भागून उरणारी बाकीच बघितली तर) ५ × २^७ म्हणजे −१, त्याचा चौथा घात केला तर ५^४ × २^२८ म्हणजे १. आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ टाका, मिळतं −२^३२ = १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. झालं.

याचा परिणाम असा की वर सांगितलेलं बरंचसं २^६४ − १ ला लागू पडत नाही. तिचे अवयव म्हणजे आपले पाच, शिवाय ६४१ आणि ६७००४१७, फायचा हिशोब २ च्या घातात बसत नाही, तेवढ्या बाजूंची आकृती कंपासने निघत नाही. पास्कलच्या ओळी मात्र तिथेही चालतात, पहिल्या ६४ ओळी सगळ्या तिच्या विभाजक असतात, फक्त विभाजक ६४ ऐवजी १२८ असल्यामुळे अर्धेच सापडतात. फर्मा संख्यांपैकी ४२९४९६७२९७ पासून २^(२^३२) + १ पर्यंतच्या सगळ्या मूळ नाहीत हे सिद्ध झालंय. त्याच्या पुढची, २^(२^३३) + १, ही लिहायलाच अडीच अब्जांहून जास्त अंक लागतात, आणि ती मूळ आहे की नाही हे अजून कोणालाही ठरवता आलेलं नाही.